पोटावर बांधलेले भोपळे

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि पलीकडे जायचं तर माणसाला पाण्यात उतरावंच लागायचं.

अशाच एका नदीच्या वळणावर एक गाव होतं. घरं अलीकडच्या काठाला आणि शेतं पलीकडच्या. म्हणजे ज्याला पोहता येत नाही, त्याची त्या गावात पंचाईतच. एक होडी होती, पण ती म्हाताऱ्यांसाठी, बाळंतिणींसाठी आणि धान्याच्या पोत्यांसाठी. धडधाकट माणूस होडीत बसला, तर पोत्यांनाही त्याची लाज वाटायची.

म्हणून त्या गावाची शाळा नदीतच भरायची. पाऊस सरला, नदीचं पाणी निवळलं, की त्या वर्षी सहा सरून सातवं लागलेली सगळी पोरं शाळेत जायची. शाळेला भिंती नव्हत्या. एक वडाचं झाड, त्याखाली उथळ पाणी, पुढे कमरेएवढं आणि त्याच्याही पुढे डोह. डोहाच्या मध्यात एक काळा खडक होता.

शिकवणारी एक बाई होती. तिचं खरं नाव गाव विसरलं होतं. सगळे तिला आत्या म्हणत. पाटलापासून परटापर्यंत सगळ्यांना तिनंच पाण्यात घातलं होतं. त्यामुळे ती पाटलालासुद्धा एकट्यात अरे-तुरे करायची आणि चारचौघांत तेवढं अहो-जाहो.

आत्याची रीत वेगळी होती. पोरगं आलं, की ती त्याच्या पाठीवर वाळलेला भोपळा बांधायची. दोर काखेतून घ्यायचा, गाठ छातीवर, भोपळा पाठीवर. मग काय करायची? काही नाही. पोरांना उथळ पाण्यात बसवायची.

पोरं बसायची. चिखलाच्या भाकऱ्या थापायची. एकमेकांच्या डोक्यावर ओंजळीनं पाणी ओतायची. पाण्यात तोंड घालून फुर्र करायची. भीती वाटली की रडायची, आणि आत्या रडू द्यायची. मग हळूहळू ती त्यांना कमरेएवढ्या पाण्यात न्यायची, उताणं झोपून आभाळ बघायला लावायची आणि भोपळा थोडा थोडा लहान करत जायची.

पण सगळ्यात आधी ती एक वाक्य शिकवायची. मोठ्यानं, सगळ्यांसमोर, न लाजता म्हणायचं: "मला येत नाही, हात द्या."

असं कुणी म्हटलं, की शेजारच्या पोरानं हात द्यायचा. आत्यानं नाही, पोरानंच. जो हसेल त्याला त्या दिवशी पाण्याबाहेर बसून सगळ्यांचे कपडे राखावे लागत.

आणि वर्षाच्या शेवटी, वैशाखात, काठभेट व्हायची. आईबाप काठावर यायचे. पोरं त्यांचा हात धरून त्यांना पाण्यात न्यायची आणि आपली जागा दाखवायची. इथे मी रडलो, इथे मासा पायाला चावला, इथे मी पहिल्यांदा डोळे उघडले. मग सगळे गूळ-खोबरं खाऊन घरी जायचे. एवढीच काठभेट. किती छान होती. पण चांगली गोष्ट तशीच राहू द्यायची म्हणजे माणसाच्या पोटात दुखतं.

तर त्या गावात एक कासार राहायचा. बांगड्या भरायचा आणि बोलायला गोड होता. त्याची बायको कासारीण, तीही वाईट नव्हती. त्यांची एकुलती एक मुलगी हौसा. त्या वर्षी हौसा शाळेत गेली.

पहिल्या दिवशी ती घरी आली ती पळतच. केस ओले, नाकाला चिखल.

"आई, वडाच्या मुळाशी एक खेकडा राहतो. एका बाजूची नांगी मोठी आहे त्याची. मी बोट दाखवलं, तर आत गेला आणि परत बाहेर येऊन बघत होता."

"बरं बरं," कासारीण म्हणाली. "पण शिकवलं काय?"

"चिखलात बसलो."

"आणि?"

"आणि मी म्हटलं, मला येत नाही, हात द्या. मोठ्यानं म्हटलं. आत्या म्हणाली, शाबास."

कासारणीनं हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकली. "अहो, ऐकलंत का? पोरीला शाळेत घातलं, तर तिला काय शिकवलं? मला येत नाही. हे तर तिला घरीही येत होतं."

कासार हसला. पण त्याच्याही मनात ते कुठेतरी टोचलं.

त्यांची शेजारीण जरा चौकस होती. मधली भिंत ठेंगणी, त्यात तिचा काय दोष? ती भिंतीवरून म्हणाली, "अगं वैनी, पोरगी खेकड्याचं सांगते आहे. ते तरी ऐकून घे."

"खेकडा काय भाकरी देणार आहे तिला?" कासारीण म्हणाली.

आता मला सांगा, असं कुणी पोराला म्हणतं का? पहिल्या दिवशी घरी आलेलं लेकरू, तोंडभरून सांगायला आलेलं. पण म्हणतात. घरोघरी म्हणतात. तुम्हीही म्हटलं असेल, आठवून बघा.

त्यानंतर रोज संध्याकाळी एकच प्रश्न. "किती लांब गेलीस?" हौसा सांगायची, आज खेकड्याची बायको दिसली. "ते राहू दे गं, किती लांब गेलीस?" हौसा सांगायची, कुंभाराची चिंगी घाबरली, मी तिला हात दिला. "तू दिलास? मग तू मागे राहिली असशील. किती लांब गेलीस ते सांग."

हळूहळू हौसा खेकड्याचं सांगायची थांबली. घरी यायची आणि आधीच म्हणायची, "आज वीतभर पुढे गेले." गेली असो नसो.

अशात एक दिवस गावभर बातमी पसरली. पाटलाचा रावजी डोहातल्या काळ्या खडकाला हात लावून आला.

हा रावजी हौसाच्याच वयाचा. अंगानं किरकोळ, स्वभावानं भित्रा. तो कसा गेला? पाटलानं काय केलं होतं, आत्याचा लहान भोपळा सोडून ठेवला आणि घरच्या परड्यातले दोन मोठे भोपळे त्याच्या पोटावर बांधले. वरून सैलसर अंगरखा घातला. पोरगं पाण्यावर आडवं पडलं, की लाकडासारखं तरंगायचं. हात हलवायची गरज नाही, पाय मारायची गरज नाही. पाटलाच्या गड्यानं मागून ढकललं, की निघालं खडकाकडे.

आणि पाटलानं त्याला बजावलं होतं, "काहीही होऊ दे, मला येत नाही असं म्हणायचं नाही. पाटलाच्या घरात असं कुणी म्हणत नाही."

भोपळ्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. दिसला तो फक्त खडकाला लागलेला हात. झालं. बाजारात तेच, पाणवठ्यावर तेच, कासाराच्या दुकानात बांगड्या भरतानाही तेच. पाटलीण हात पुढे करून बसायची आणि म्हणायची, "आमचा रावजी खडकाला लागला हो. तुमची हौसा कुठवर आली?"

कासार "येते आहे," म्हणायचा, आणि बांगडी जरा जास्तच दाबून चढवायचा.

शेवटी सगळे आईबाप चावडीवर जमले आणि त्यांनी आत्याला बोलावणं पाठवलं. आत्या आली, पदरानं हात पुसत. अजून ओलीच होती.

पाटील म्हणाला, "आत्या, काठभेट जवळ आली. वर्षभरात पोरांना काय आलं, ते गावाला कळू द्या."

आत्या म्हणाली, "पाण्याची भीती गेली. काहींची अर्धी गेली आहे, अर्धी जाईल. नाकात पाणी गेलं तर काय करायचं ते कळतं. खोल कुठे आहे ते कळतं. दमलं तर उताणं कसं पडायचं ते येतं. हात मागता येतो, हात देता येतो."

"आणि पोहायला?"

"पुढच्या वर्षी."

चावडीवर हशा पिकला. पाटील म्हणाला, "वर्षभर चिखलात बसायला आमची म्हैससुद्धा शिकते, तीही शाळेत न जाता."

आत्या म्हणाली, "म्हशीला पोहता येतं, पाटील. पोरांना अजून यायचं आहे."

कासारानं तोंड उघडलं. त्याला खरं तर गप्प बसायचं होतं, पण कासारीण मागून कोपरानं ढोसत होती. "आत्या, राग मानू नका. पण बाकीची पोरं पुढे जातात, आमची मागे राहते, असं वाटतं. जरा मोठा भोपळा बांधलात तर?"

आत्या त्याच्याकडे वळली.

"तुला आठवतं का रे," ती म्हणाली, आणि चारचौघांत ती कधी नव्हे ते अरे म्हणाली, "तू पहिल्या वर्षी काय केलंस? वडाच्या मुळाला मिठी मारून बसायचास. पाण्याला पाय लावायचा नाहीस. तुझी आई रोज यायची, काठावर बसायची आणि तुला विचारायची, आज मुळाला मुंग्या होत्या का? आणि तुम्ही, पाटील. तुम्ही तर वर्षभर चिखलातून उठला नाहीत. उठवलं की चावायचात. माझ्या मनगटावर अजून दात आहेत तुमचे."

लोक हसले, पण या वेळी पाटील हसला नाही.

"मी तेव्हा तुम्हाला मोठा भोपळा बांधला असता, तर तुम्हीही पहिल्याच वर्षी खडकाला लागला असता," आत्या म्हणाली. "आणि आज पोत्यांबरोबर होडीत बसून शेतावर गेला असता. भोपळा पाठीवर लहान होत जायला हवा. मोठा भोपळा, आणि त्यातही पोटावर बांधला, आणि तो खाली मांड्यांपर्यंत सरकला, तर पाय वर होतात आणि डोकं खाली जातं. मी बांधणार नाही."

"मग आम्ही बांधू," पाटील म्हणाला. "पोरं आमची आहेत."

"पोरं तुमचीच आहेत," आत्या म्हणाली. "म्हणून तर सांगते आहे. काठावर उभे राहाल, तेव्हा पोरांच्या तोंडाकडे बघा. खडकाकडे बघू नका."

ती निघून गेली. आणि लोक काय म्हणाले असतील? म्हातारी झाली, जुन्या चालीची आहे, तिला काय कळतंय आजच्या पोरांचं. ज्या बाईनं त्यांना बुडू दिलं नाही, तिला ते असं म्हणाले.

त्या आठवड्यात गावातल्या परड्यांतले भोपळे एकाएकी दिसेनासे झाले. जो तो आपापल्या घरात, दार लावून, पोराच्या पोटाचं माप घेत होता. आणि गंमत बघा, आत्याच्या तोंडून 'पोटावर' ऐकून रावजीचं गुपित ज्याला त्याला उमगलं होतं, तरी प्रत्येकाला वाटत होतं की ही शक्कल फक्त आपल्याला आणि पाटलाला सुचली आहे.

कासारणीनंही दोन भोपळे आणले. हौसाचा परकर वर करून पोटावर बांधले.

"आई, हे पाठीवर असतं," हौसा म्हणाली.

"तुला फार कळतं."

"आई, याच्यानं मला उताणं पडता येणार नाही."

"उताणं कशाला पडायचं? खडकाला हात लाव आणि ये. सगळ्यांसमोर ते वाक्य म्हणू नकोस म्हणजे झालं. लाज काढशील आमची."

भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "वैनी, पोरगी काय म्हणते ते—"

"तुम्ही तुमचं बघा," कासारीण म्हणाली. शेजारणीनं मान खाली केली. भिंत ठेंगणी असली, तरी आपली पायरी माणसानं ओळखावी, असं तिला वाटलं. ती तेव्हा भांडली असती, तर बरं झालं असतं.

काठभेटीचा दिवस उजाडला. काठावर मांडव घातला होता. असा मांडव आधी कधी नव्हता. ताशे होते. पाटलासाठी बाक होता. आत्या आली आणि सरळ पोरांकडे निघाली, गाठी तपासायला. पाटलानं तिला अडवलं.

"आज तुम्ही पाहुण्या, आत्या. आज कामाला हात लावायचा नाही." आणि तिला पार मांडवाच्या मागच्या टोकाला, मानाच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. ती उठू लागली की कुणीतरी म्हणायचं, बसा हो, बसा. माणसाला गप्प करायचं असलं, की त्याच्या हातात नारळ द्यावा, हे त्या गावाला चांगलं कळलं होतं.

ताशे वाजले. पोरं पाण्यात उतरली.

सगळी पोरं सरळ आडवी होऊन तरंगू लागली आणि पाण्याच्या ओढीनं खडकाकडे निघाली. रावजी सगळ्यांच्या पुढे होता. काठावर टाळ्यांचा नुसता पाऊस. "बघा, बघा, एकसुद्धा मागे नाही." आईबाप खडकाकडे बघत होते. जो तो आपलं पोर खडकापासून किती लांब आहे ते डोळ्यांनी मापत होता. कुणाच्या ध्यानात आलं नाही, की पोरांचे हात हलत नाहीत. कुणाच्या ध्यानात आलं नाही, की एकही पोर हसत नाही.

हौसा छातीएवढ्या पाण्यापर्यंत गेली. तिथे तिला पोटावरचा दोर सैल झाल्यासारखा वाटला. भोपळे खाली सरकू लागले. तिनं पुढचा विचार केला नाही. पाय खाली टेकवले, उभी राहिली आणि वर्षभर म्हटलं होतं तसं मोठ्यानं म्हणाली, "मला येत नाही, हात द्या."

कुंभाराची चिंगी जवळच होती. तिचेही पाय टेकत होते. तिनं सवयीनं हात दिला. हौसानं एका हातानं तो धरला आणि दुसऱ्या हातानं परकराखालची गाठ सोडली. दोन मोठे भोपळे टपकन वर आले आणि सगळ्या गावासमोर डुलत डुलत निघाले.

काठावरच्या माना त्या भोपळ्यांकडे वळल्या. मग जे हसू फुटलं.

"अरे, कासाराची पोरगी भोपळ्यांवर चालली होती."

"म्हणून म्हटलं, इतकी कशी गुटगुटीत झाली एकाएकी."

"कासार बांगड्याही अशाच विकत असेल, आतून पोकळ."

आणि हसत कोण होतं? ज्यांच्या पोरांच्या पोटावर तसेच दोन दोन भोपळे होते, ते. तेच सगळ्यात मोठ्यानं हसत होते. एकाही माणसाला असं वाटलं नाही, की आपल्या पोरालाही बाहेर बोलवावं, गाठ बघावी. नाही. दुसऱ्याचा भोपळा बाहेर आला ना, मग आपला आत राहिला यातच आनंद.

कासाराची मान खाली गेली. कासारणीनं पदर तोंडावर ओढला.

तेवढ्यात पुढे डोहात, खडकाच्या अलीकडे, पाण्यावर दोन पाय दिसले. फक्त पाय. उभे, आकाशाकडे तळवे केलेले.

"वा रे पठ्ठ्या," पाटील बाकावरून उठला. "सूर मारला बघा रावजीनं. बघा, खडकाजवळ बुडी मारली."

टाळ्या दुप्पट झाल्या. ताशेवाल्यांनी ताशे बडवले. बापानं स्वतःच्या लेकराच्या बुडण्याला टाळ्या वाजवल्या. हे लिहिताना मी दोनदा थांबले आहे.

हौसानं ते पाय बघितले. ती ओरडली, "त्याला येत नाही. त्याला हात द्या."

"स्वतःला येत नाही आणि दुसऱ्याचं सांगते," कुणीतरी म्हणालं, आणि लोक पुन्हा हसले.

"त्याला येत नाही," हौसा पुन्हा ओरडली. "रावजीला हात द्या."

मांडवाच्या मागे आत्या खुर्चीवरून उठली होती. शाल पडली, नारळ गडगडत गेला. पण मध्ये सगळा गाव उभा होता, दाटीवाटीनं, पाठ करून.

कासारानं मान वर केली. त्याला आत्याचं बोलणं आठवलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण त्यानं खडकाकडे बघितलं नाही. त्यानं हौसाच्या तोंडाकडे बघितलं. पोरगी रडत नव्हती. तिला कुणाच्या हसण्याचं काही नव्हतं. तिचं सगळं तोंड त्या दोन पायांकडे लागलं होतं.

कासारानं डोक्यावरचं पागोटं फेकलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उडी घेतली.

तो खडकाजवळ पोचला, तेव्हा ते पाय हलायचे थांबले होते. त्यानं रावजीला उलटा करून वर आणलं, दातांनी दोर तोडला आणि त्याला खांद्यावर घेऊन काठाला आला. आत्या एव्हाना गर्दीतून वाट काढून चिखलात गुडघे टेकून बसली होती. तिनं पोराला पालथं केलं, पाठीवर थापट्या मारल्या, पोट दाबलं.

मग रावजीनं पाणी ओकलं. आणि रडला.

पाटील त्याच्यापाशी बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "अरे बाळा, तू हाक का नाही मारलीस? मी इथंच उभा होतो."

रावजी हुंदके देत म्हणाला, "मला येत नव्हतं, आबा. पण तुम्ही म्हणू नको म्हणाला होतात."

पाटलानं त्याला छातीशी ओढलं.

मग एकेक बाई उठली, एकेक बाप उठला. पाण्यात जाऊन त्यांनी आपापल्या पोराला बाहेर आणलं आणि सगळ्यांसमोर गाठी सोडल्या. काठावर भोपळ्यांचा ढीग लागला. त्या वर्षी गावात कुणी भोपळ्याची भाजी केली नाही.

कासारीण पाण्यात गेली, तशीच लुगडं भिजवत, हौसापाशी. हौसा अजून पाण्यातच उभी होती. तिला जवळ घेत कासारीण म्हणाली, "तो खेकडा कुठे राहतो गं?"

हौसानं तिच्याकडे नीट बघून घेतलं, खरंच विचारते आहे का ते. मग तिचा हात धरला आणि तिला वडाच्या मुळाशी नेलं.

काठभेट पुन्हा पहिल्यासारखी झाली. मांडव गेला, बाक गेला. पण सगळंच पहिल्यासारखं होत नसतं, आणि हेच मला सांगायचं आहे.

रावजी जगला, वाढला, पण त्यानं पाण्यात पाय घातला नाही. नदी दिसली की त्याला घाम फुटायचा. होडीत बसवलं तरी डोळे मिटून बापाला घट्ट धरून बसायचा, आणि होडी हलली की ओकायचा. शेतं तर पलीकडे. मग काय, पाटील त्याला खांद्यावर बसवायचा आणि स्वतः पोहत, चालत, धापा टाकत पलीकडे न्यायचा. संध्याकाळी परत आणायचा. पोरगं लहान होतं तोवर ठीक. पुढे त्याचे पाय पाटलाच्या कमरेखाली लोंबायला लागले. पुढे त्याला मिसरूड फुटलं. लग्नाच्या वयाचा गडी बापाच्या खांद्यावर बसून नांगरायला जातो, हे त्या गावानं डोळ्यांनी बघितलं. कुणी हसलं नाही. ज्याच्या-त्याच्या परड्यात भोपळ्याचा वेल होताच.

बापाला एका वर्षाचा धीर धरवला नाही, म्हणून त्यानं पुढची कितीतरी वर्षं खांद्यावर ओझं वाहिलं.

आत्या थकली, गेली. तिच्या जागी हौसा शिकवायला लागली. मग एका वर्षी, पाऊस सरून पाणी निवळलं तेव्हा, पाटील आला. केस पांढरे, खांदे वाकलेले. मागे रावजी, मिशांवरून हात फिरवत, जमिनीकडे बघत. वडाखाली त्या वर्षीची चिल्लीपिल्ली चिखलात बसली होती.

"हौसाबाई," पाटील म्हणाला, "याला घेशील का शाळेत?"

"घेते की," हौसा म्हणाली. "रावजी, ये. बस इथं, या पोरांच्या शेजारी."

रावजी चिखलात बसला. एवढा मोठा गडी, गुडघे कानाशी आलेले. शेजारचं एक पोर त्याच्या मिशांकडे टक लावून बघत होतं.

"काय म्हणायचं ते ठाऊक आहे ना?" हौसानं विचारलं.

रावजीनं बापाकडे बघितलं. पाटील पाण्यात उतरला, त्याच्या शेजारी चिखलात बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "मला येत नाही, हात द्या."

मग रावजीही म्हणाला. आणि शेजारच्या त्या पोरानं आपला चिखलानं भरलेला एवढासा हात पुढे केला.

म्हणून आयांनो, बापांनो, लेकराच्या शाळेच्या पहिल्या वर्षी ते कुठवर पोचलं ते मापू नका. त्याला "मला येत नाही" म्हणायची भीती वाटत नाही ना, तेवढंच बघा.